पासवर्ड नऊ जणांना ठाऊक होता

प्रति,
राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागातले अधिकारी, आणि आरोग्याच्या नोंदींची सॉफ्टवेअर बनवणारे, बसवणारे, सांभाळणारे सगळे

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका आरोग्य केंद्रात डाटा एंट्री करते. कंत्राटी आहे, १४ वर्षं झाली. केसपेपर, गरोदर मातांची नोंद, लसीकरण, थुंकीचे नमुने, बीपी-शुगर, विंचूदंश, पावसाळ्यात लेप्टो तापाचे संशयित. पंचक्रोशीतल्या माणसांच्या जिवाला जे काही होतं ते आज ना उद्या माझ्या कीबोर्डवर येतं. या नोंदी कोण बघतं, कुणी बघायला हव्यात आणि कुणी नकोत, याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

एका मुलीपासून सुरुवात करते. ओळख पटू नये म्हणून गाव, साल आणि इतर खुणा वगळल्या आहेत. तिचं लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता. खोकला हटेना म्हणून ती आमच्याकडे आली. थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. औषधं नेमानं घेतली तर सहा महिन्यांत बरा होणारा, साधा क्षयरोग. मंगळवारी दुपारी रिपोर्टची नोंद झाली. बुधवारी सकाळी आईला घेऊन ती रिपोर्ट न्यायला येणार होती. मंगळवारी रात्रीच मुलाकडच्यांचा फोन आला, आमचा विचार बदलला म्हणून. बुधवारी ती एकटीच आली, माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मला कळायच्या आधी त्यांना कसं कळलं?"

"बघते," एवढंच मी बोलले.

आणि खरंच बघितलं. डॉक्टरांना सांगून वरून लॉग, म्हणजे कुठलं पान कधी कुणी उघडलं याची नोंद, मागवला. तिचं पान त्या दिवशी दुपारी चार ते रात्री नऊच्या दरम्यान चार वेळा उघडलं गेलं होतं. कुणी उघडलं, या रकान्यात चारही वेळा आमच्या केंद्राचं नाव. डॉक्टरांचं खातं वेगळं होतं. बाकी सगळे एकाच खात्यातून काम करत होतो. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टी लावून त्याचा पासवर्ड लिहिलेला होता, केंद्राचं नाव आणि पुढे १२३. तो कुणाकुणाला ठाऊक आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बसून मोजलं. दोन सिस्टर, लॅब टेक्निशियन, औषध निर्माता, रजिस्टर भरायला रोजंदारीवर येणारा एक मुलगा, रात्री पेशंट रेफर करताना नंबर काढावा लागतो म्हणून ॲम्ब्युलन्सवरचा भाऊ, बदली होऊन गेलेले एक आरोग्य सहाय्यक, माझ्या आधीचा ऑपरेटर, ज्याला काम सोडून दोन वर्षं झाली होती, आणि मी. नऊ. त्यातल्या तिघांना तो मीच सांगितला होता.

चौकशी झाली नाही. कुणाची करणार? केंद्राची?

मुलगी पूर्ण बरी झाली. पण औषधाचे सहा महिने ती आमच्याकडे फिरकली नाही. दर खेपेला एसटीनं दीड तासाचा प्रवास करून तालुक्याला जायची. आमचं केंद्र तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिच्या वाडीतल्या आणखी किती जणांनी खोकला अंगावर काढला असेल, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

आरोग्याच्या माहितीची सुरक्षा म्हटलं की प्रशिक्षणांत पहिली स्लाइड हॅकरची असते. ती भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि दिवसचे दिवस तिथे सगळं कागदावर चाललं, हे देशानं पाहिलं. पण आमच्याकडे माणसाचं नुकसान करायला हॅकर लागत नाही. आमच्याकडे केंद्रात काम करणारे सगळे याच पंचक्रोशीतले. कुणी पेशंटची जाऊ, कुणी भाचा, कुणाचं बांधावरून भांडण, कुणाची देवळाच्या मानपानावरून अढी. अर्धी वाडी विरार-नालासोपाऱ्याला. इथे दुपारी कळलेली गोष्ट संध्याकाळी तिथल्या खोल्यांत पोचते, कारण वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकच. शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोंद पाहणाऱ्याला ते नाव बहुतेक वेळा परकं असतं. आमच्याकडे नाव वाचलं की घर डोळ्यांसमोर येतं.

म्हणून प्रणालीत कुणाला काय पाहता-करता येतं, म्हणजे भूमिका आणि परवानग्या, हा आयटी विभागाचा तांत्रिक विषय आहे असं समजून बाजूला ठेवू नका. माणूस केंद्रात येईल की नाही, हे त्यावर ठरतं.

फिनलंडमधला एक खटला मी एका प्रशिक्षणात ऐकला आणि नंतर शोधून वाचला. एक नर्स होती. १९८७ साली तिला एचआयव्ही असल्याचं निदान झालं. १९८९ पासून ती ज्या सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात नोकरीला होती, तिथेच तिचे उपचारही चालू होते. १९९२ च्या सुमाराला तिला शंका आली की सहकाऱ्यांना तिचा आजार कळलाय. माझे कागद कुणी पाहिले ते सांगा, असं तिनं विचारलं. रुग्णालयाला सांगता आलं नाही. त्यांच्या प्रणालीत फक्त शेवटच्या पाच वेळा पाहिल्याची नोंद राहायची, आणि तीही माणसाच्या नावानं नाही, विभागाच्या नावानं. पुरावा नाही म्हणून फिनलंडच्या न्यायालयांत ती हरली. शेवटी १७ जुलै २००८ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. कुणी पाहिलं हे सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर टाकणं चूक आहे, कारण तो पुरावा तयारच होऊ नये अशी व्यवस्था रुग्णालयानं ठेवली होती, असा त्या निकालाचा आशय.

विभागाचं नाव, माणसाचं नाही. हे वाचताना मला आमच्या मॉनिटरवरची चिकटपट्टी दिसत होती.

आता तुम्ही म्हणाल, पासवर्ड वाटू नका अशी परिपत्रकं आम्ही काढतोच की. काढता. मी ती फायलीला लावते. पण पासवर्ड वाटला का जातो, हे मुंबईत बसून कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. आमच्या लोकांना शिस्त नाही म्हणून तो वाटला जात नाही. ज्या कुलपातून काम होत नाही, ते कुलूप माणसं उघडंच ठेवतात.

पहिलटकरणीचं बाळंतपण आमच्याकडे माहेरी होतं. सातव्या महिन्यानंतर मुलगी मुंबईहून माहेरी येते. तिची नोंद तिकडच्या एखाद्या दवाखान्यात झालेली, तपासण्या तिकडे, रक्तगट तिकडे, हिमोग्लोबिन किती होतं तेही तिकडे. रात्री अकरा वाजता कळा सुरू होऊन ती आमच्या सिस्टरांपुढे येते. सिस्टर तिचं नाव टाकून शोधतात. प्रणाली म्हणते, ही व्यक्ती तुमच्या कार्यक्षेत्रात नाही. सिस्टर काय करणार? ज्यांचं खातं जास्त दाखवतं अशा वरच्या कार्यालयातल्या ओळखीच्या कुणाला तरी फोन लावणार. तोही माणूस भला असतो, अर्ध्या झोपेत पासवर्ड सांगतो. बाई सुखरूप मोकळी होते. आणि तालुक्याचा पासवर्ड त्या रात्रीपासून आमच्या केंद्रात मुक्कामाला येतो. सिस्टर चुकल्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

बोटींवरच्या खलाशांचंही तसंच. बोट आज हर्णैला, आठवड्यानं जयगडला, पुढे मिरकरवाड्याला. खलाशी कुठला कुठला, नेपाळपासून आलेला. त्याची रोजची गोळी कुठे सुरू झाली आणि तो आज कुठल्या धक्क्यावर उतरलाय याचा काही मेळ नसतो. गाव, उपकेंद्र, तालुका अशी आखून दिलेली हद्द त्याला लागूच पडत नाही. गणपतीत आणि शिमग्याला घरं भरतात, तेव्हा आमच्या ओपीडीत निम्मे पेशंट प्रणालीच्या दृष्टीनं परगावचे असतात.

आणि ओटीपी! सुरक्षेसाठी ओटीपी आणलात, चांगलं केलंत. पण तो जातो अधिकाऱ्याच्या मोबाइलवर. अधिकारी बैठकीला, किंवा बदली होऊन घाटावर. केंद्रात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. दर सकाळी मी टाकीपाशी उभी राहून "सर, ओटीपी सांगता का" म्हणून फोन करायचे. दोन मिनिटांचा ओटीपी तिथून संगणकापर्यंत पळत आणायचा. पाच महिन्यांनी सरांनी कंटाळून माझाच नंबर तिथे लावला. म्हणजे त्यांच्या नावावर मी. त्या पाच महिन्यांनंतर त्या खात्यातून जे जे झालं, ते कागदोपत्री त्यांनी केलेलं आहे. मी काही वेडंवाकडं केलं नाही. पण करू शकले असते.

यावर उपाय कुणी नव्यानं शोधून काढायचा नाहीये. ओस्लो विद्यापीठात तयार होणारी डीएचआयएस २ ही प्रणाली भारतातल्या काही राज्यांसह अनेक देशांत वापरली जाते. तिचे परवानग्यांचे नियम मी शिकले तेव्हा माझ्या डोक्यातला गुंता सुटला. तिथे एका माणसाबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न विचारले जातात. हा माणूस काय करू शकतो? ती त्याची भूमिका: नोंद भरणं, पुसणं, मंजूर करणं, नवीन खाती उघडणं. दुसरा, कुठल्या जागेचं? आणि या जागेच्याही तीन हद्दी: कुठली माहिती भरायची, कुठली पाहायची, आणि शोध कुठवर घ्यायचा. उपकेंद्राच्या सिस्टर आपल्या उपकेंद्रापुरतंच भरतील, पण शोध जिल्हाभर किंवा राज्यभर घेऊ शकतील, असं ठेवता येतं. तिसरा प्रश्न, कुठल्या कार्यक्रमाचं? लसीकरणाचं काम असणाऱ्याला क्षयरोगाची यादी दिसायचं कारण नाही.

हे तीन प्रश्न आपल्याकडे बहुतेक जागी एकच करून टाकलेले असतात. पद काय, त्यावर सगळं ठरतं. शिपायापासून संचालकापर्यंत शिडी, आणि जितकं वर तितकं जास्त दिसणार. वास्तविक जिल्ह्याच्या साहेबांना आकडे लागतात, नावं लागत नाहीत. नाव लागतं ते सिस्टरांना आणि आशाताईंना, कारण औषध घेऊन घरी त्या जातात. साहेबांना किती जणांनी औषध मध्येच सोडलं एवढं दिसलं की पुरे. कुणी सोडलं ते तिच्या घरी जाणाऱ्या आशाताईला दिसू दे.

माहेरच्या बाळंतिणीचा प्रश्न तिथे कसा सोडवलाय ते मला फार पटलं. कार्यक्रमाचं पान 'संरक्षित' ठेवलं असेल, तर परगावच्या व्यक्तीचं नाव शोधात सापडतं, पण पान आपोआप उघडत नाही. तिथे कारण लिहावं लागतं. 'प्रसूतीसाठी दाखल, रात्री ११.१०' असं काहीतरी. लिहिलं की थोड्या काळापुरतं पान उघडतं, आणि कुणी, कधी, काय कारण देऊन उघडलं याची नोंद कायम राहते. आग लागल्यावर धोक्याची घंटा वाजवायला काच फोडावी तसं हे, म्हणून त्याला काच फोडणंच म्हणतात. बाळंतिणीचा जीवही वाचतो आणि रिकामटेकडा चौकसपणा करणाऱ्याला आपलं नाव मागे राहणार हेही ठाऊक असतं. त्या मंगळवारी आमच्याकडे ही सोय असती, आणि प्रत्येकाचं खातं वेगळं असतं, तर ते पान चार वेळा उघडलं गेलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कुलपात बसत नाही. डाउनलोडचं बटण. पडद्यावर कितीही रकाने झाकून ठेवा, महिन्याच्या आढाव्याला वरून फोन येतो, "पेंडिंगची लाइनलिस्ट टाका ग्रुपवर." एक्सेल निघते. नाव, वय, गाव, मोबाइल, आजार, शेरा. ती ग्रुपवर पडते. ग्रुपमध्ये ६०-७० माणसं, त्यातली काही नोकरी सोडून गेलेली, काहींचे फोन घरी मुलांच्या हातात. मी अशा किती फायली टाकल्या असतील याची मोजदाद नाही. आता मी नाव आणि मोबाइलचे रकाने पुसून पाठवते आणि बोलणी खाते. तेव्हा डाउनलोडची परवानगी वेगळी करा. ज्याला पाहता येतं त्याला उतरवूनही घेता यावं असं काही नाही. आणि बैठकीच्या सूचनेत 'ग्रुपवर टाका' हे दोन शब्द लिहिणं बंद करा. ते तुमच्याच हातात आहे.

भरणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा, याबद्दल थोडक्यात. मार्चअखेर आकडे कमी पडतात तेव्हा रातोरात काही नोंदी वाढतात. केंद्राच्या खात्यातून. नंतर पडताळणीत त्या खोट्या निघाल्या की नोटीस सिस्टरांना आणि मला येते, कारण एंट्री आमची. मला एकदा आली आहे. तेव्हा माझ्या नावाचं स्वतंत्र खातं असतं तर त्या रात्री मी घरी होते, एवढं तरी मला दाखवता आलं असतं. स्वतःचं खातं आमच्यावर पाळत म्हणून लादू नका, आमचं संरक्षण म्हणून द्या. असं सांगितलंत तर कर्मचारी ते आनंदानं घेतील.

कायद्यांची यादी तुम्हाला मी काय सांगायची. पण एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि अशी माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं ती जपण्याची व्यवस्था करायची, हे त्यात लिहिलेलं आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन बाईचं नाव आणि तपशील उघड करण्यावर स्पष्ट बंदी आली, शिक्षेसकट. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, आणि माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. हे कायदे आणि आमची चिकटपट्टी एकाच जिल्ह्यात नांदतात.

पेशंटच्या आरोग्याच्या नोंदी जोडणारे १४ आकडी आभा क्रमांक आम्ही कॅम्प लावून काढून दिले. त्यात पेशंटची संमती असल्याशिवाय एका दवाखान्याची नोंद दुसऱ्याला जात नाही, हे मी लोकांना छातीठोक सांगते, कारण ते खरं आहे. मग एखादी आजी विचारते, "आणि हितं, तुमच्यात, कोण कोण बघतं?" संमती ही दोन दवाखान्यांच्या मधल्या दाराशी उभी असते. एकदा नोंद आत आली की आत कुठल्या खोलीत कुणी जावं, हे फक्त भूमिका आणि परवानग्या ठरवतात. आजीला सांगायला माझ्याकडे धड उत्तर नसतं.

मला माहीत आहे, केंद्रात माणसं कमी आहेत. मंजूर पदं रिकामी, एकेक सिस्टर तिघींचं काम करते. भूमिका वेगळ्या करायला माणसं कुठून आणायची, असा आक्षेप येईल. पण एका माणसाला चार भूमिका द्यायला माझी हरकत नाही, देताच आहात. चार माणसांना एक खातं देऊ नका, एवढंच मागणं. आशाताईलाही तिच्या नावाचं खातं द्या, तिच्या घरांपुरतं. ओटीपी ज्याचं खातं त्याच्याच फोनवर जाऊ द्या, आणि रेंज नाही तिथे दुसरी सोय करा. बदलीच्या आदेशातच एक ओळ घाला, की कार्यमुक्त झाल्या दिवशी जुनं खातं बंद आणि रुजू झाल्या दिवशी नवं सुरू. कंत्राट संपलेल्याचं, आणि हो, सॉफ्टवेअर बसवून गेलेल्या कंपनीच्या इंजिनिअरचंही. त्याला तर सगळंच दिसतं. आणि पेशंटनं विचारलं, माझं पान कुणी उघडलं, तर आठवड्याभरात माणसांच्या नावांची यादी तिच्या हातात पडेल अशी सोय करा. नर्स, डॉक्टर, टेक्निशियन, जो असेल तो.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना एक वेगळी विनंती. भूमिकांचा तक्ता भरायला बसाल तेव्हा पदांची यादी समोर घेऊ नका. तीन दिवस आमच्याकडे येऊन राहा. रात्रपाळीला सिस्टरांच्या शेजारी बसा, सोमवारची ओपीडी बघा, लसीकरणाच्या दिवशी आशाताईबरोबर वाडीवर जा. कोण कशासाठी काय उघडतं ते लिहून काढा. राहायची आणि जेवणाखाण्याची सोय आम्ही करू.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवीन सिस्टर रुजू झाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "ताई, इथला पासवर्ड काय?" मी सांगितला नाही. त्यांच्या नावाच्या खात्यासाठीचा अर्ज त्याच दुपारी डॉक्टरांच्या सहीनं वर पाठवला. आज २३ वा दिवस आहे, खातं आलेलं नाही. तोवर त्या वहीत पेनानं नोंदी करतात आणि संध्याकाळी माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसतात. त्या वाचतात, मी माझ्या खात्यातून भरते. तेवढं एक खातं लवकर द्यावं.

आपली,
एक डाटा एंट्री ऑपरेटर
रत्नागिरी जिल्हा